राज्यमासा आणि पंधरा सेंटिमीटरची पट्टी

मुलांनो, चला, पटापट उत्तरं द्या पाहू. आपला राष्ट्रीय पक्षी कोणता? मोर. राष्ट्रीय फूल? कमळ. राष्ट्रीय प्राणी? वाघ. शाब्बास! आता जरा सावकाश. आपल्या महाराष्ट्राचा राज्यप्राणी कोणता? राज्यपक्षी? राज्यफूल? आणि राज्यमासा?

बघा, आवाज खाली आला की नाही! लाजू नका. आमच्या शाळेतही अगदी असंच झालं. वाघ-मोर-कमळ म्हणताना छप्पर उडेल असा आवाज, आणि पुढच्या प्रश्नाला सगळ्यांच्या नजरा पाटीवर.

आमची शाळा मालवण तालुक्यात, खाडीच्या काठाला. दोन खोल्या, दोन शिक्षक, पहिली ते चौथी मिळून एकवीस मुलं. मागे माडांची बाग, पुढे खाडी. मोठी भरती आली की मैदानाच्या कोपऱ्यात कुर्ल्या फिरायला येतात आणि आमची कबड्डी थांबते. वार्षिक परीक्षा संपली होती, निकाल लागायचा होता. एप्रिलमधले हे दिवस फार अवघड असतात बरं का! मुलांना शिकवायचं काही उरलेलं नसतं आणि मुलं घरीही जात नाहीत. म्हणून मी फळ्यावर सात नावं लिहिली.

राज्यप्राणी शेकरू. राज्यपक्षी हरियाल. राज्यवृक्ष आंबा. राज्यफूल ताम्हण. ही चार जुनी. मग तीन नवी: २०१५ मध्ये ठरलेलं राज्यफुलपाखरू नीलवंत, म्हणजे इंग्रजीतलं ब्लू मॉरमॉन. २०२० मध्ये ठरलेला राज्य कांदळवन वृक्ष पांढरी चिप्पी. आणि २०२३ मध्ये ठरलेला राज्यमासा, सिल्व्हर पापलेट.

खडू खाली ठेवते तोच मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, पापलेट? ता तर माजी आये रोज इकता!"

सगळा वर्ग हसला. तो बिचारा लाल झाला. त्याची आई मालवणच्या बाजारात मासे विकायला बसते. तेवढ्यात तिसरीतली एक मुलगी उठली. "आनि चिपी आमच्या परड्याच्या पाठीच आसा. आजो पयली तीच लाकडा जाळी."

मी फळ्याकडे पाहिलं. राज्याचा मान ज्यांना मिळाला त्यांतला एक ह्या मुलाच्या घरी टोपलीत असतो आणि एक त्या मुलीच्या चुलीत जळत असे. आता पुस्तकातली चित्रं दाखवून काय उपयोग? मी म्हटलं, "चला, पाहूनच येऊ. सातांतली किती आपल्या पायांनी गाठता येतात ते मोजू."

पहिला मानकरी पंधरा पावलांवर निघाला. शाळेच्या विहिरीपाशी जुना रायवळ आंबा आहे. मुलं म्हणाली, "हापूस व्हयो ना, बाई?" नाही रे बाबांनो. मान एकट्या हापूसला नाही, आंब्याच्या झाडाला आहे. रायवळ, पायरी, देवगडचा हापूस, शिवाय आमच्या वेंगुर्ल्याच्या फळसंशोधन केंद्रानं तयार केलेले रत्ना आणि सिंधु, सगळ्यांना मिळून एकच मान. सिंधुची कोय इतकी पातळ असते की खाणाऱ्याला वाटावं, कोय घालायची राहूनच गेली! बांगलादेशानं तर आंब्याच्या झाडाला सगळ्या देशाचा वृक्ष केलंय. त्यांचं राष्ट्रीय फळ मात्र फणस. हे ऐकल्यावर आमच्या मुलांत जे भांडण जुंपलं, बरका चांगला की कापा, ते मिटवायला मला घंटा वाजवावी लागली.

ताम्हण ओहोळाच्या काठाला सापडलं. तुमच्या शहरात रस्त्याकडेला जांभळ्या फुलांचं झाड दिसतं ना, बहुतेक तेच. त्याला जारूळही म्हणतात. सहा पाकळ्या, आणि प्रत्येक पाकळी चुरगळून पुन्हा सरळ केलेल्या पतंगी कागदासारखी. ऐन उन्हात, एप्रिल-मेमध्ये, बाकीची झाडं दमलेली असतात तेव्हा हे फुलतं. म्हणजे एक मेला, महाराष्ट्र दिनाला, राज्यफूल अगदी हजर! ह्याचं लाकूड पाण्यात टिकतं म्हणून होड्यांसाठी वापरत, हे मी सांगितलं तेव्हा मुलांनी झाडाकडे जास्त आदरानं पाहिलं. फुलापेक्षा होडी बरी, असा आमच्याकडचा हिशेब.

नीलवंत आमच्या यादीत आधीच जमा होता. मागच्या पावसाळ्यात शाळेच्या लिंबावर पक्ष्याच्या शिटेसारखं काहीतरी चिकटलेलं दिसलं होतं. एकानं काडीनं टोचलं, तर ते हललं! ती होती नीलवंताची अळी. लहानपणी ती मुद्दाम शिटेसारखी दिसते, म्हणजे तिला खायला कोणी येत नाही. मोठी झाली की हिरवी होते. मग कोष, आणि मग हातभर उंचीवरून काळ्या मखमलीवर निळी शाई सांडल्यासारखं फुलपाखरू जातं. भारतातल्या सगळ्यांत मोठ्या फुलपाखरांमध्ये त्याची गणती होते. राज्यफुलपाखरू ठरवणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. तुमच्या परसात लिंबू, ईडलिंबू किंवा पपनस असेल तर पानांवर शीट दिसली म्हणून लगेच तोंड वाकडं करू नका. आधी नीट बघा.

हरियालानं मात्र आम्हांला दमवलं. देवळापाशी मोठा वड आहे, त्याला फळं धरली होती. मुलं माना वर करून उभी. काही दिसेना. हिरव्या पानांत हिरवट-पिवळा पक्षी, पायही पिवळे, दिसणार कसा? शेवटी एका मुलीला शीळ ऐकू आली. कबुतरासारखं घुमणं नव्हे, कोणीतरी माणसानं हळूच घातलेली शीळ. आणि मग एकदम पानंच उडाली! निदान आम्हांला तसंच वाटलं. दहा-बारा हरियाल भुर्र करून माडांवरून निघून गेले.

त्या वडाच्या सावलीत आम्ही बसलो. कोणीतरी विचारलं, "बाई, पण ह्यां ठरवता कोण?"

प्रश्न चांगला होता. सरकार ठरवतं, जाणकारांच्या मंडळाला विचारून. पण ठरवलेलं बदलतंही बरं का! १९७२ पर्यंत आपला राष्ट्रीय प्राणी वाघ नव्हता, सिंह होता. सिंह फक्त गुजरातेत गीरच्या जंगलात उरलेला, वाघ देशभर. पण तोही झपाट्यानं कमी होत चाललेला. म्हणून मान वाघाकडे आला, आणि लगोलग १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. मोराची निवड त्याच्या आधीची, १९६३ची. तेव्हा थोर पक्षितज्ज्ञ डॉ. सलीम अली यांचं मत वेगळं होतं. ते म्हणत, माळढोकाला निवडा. मोर काय, सगळ्यांचा लाडकाच आहे. माळढोकाला आधाराची गरज आहे. त्यांचं कोणी ऐकलं नाही. पुढं राजस्थाननं माळढोकाला आपला राज्यपक्षी केलं. आज साऱ्या देशात माळढोक दीडशेच्या आसपास उरलेत. आपल्या सोलापूरजवळ नान्नजला त्याच्यासाठी अभयारण्य केलं, तिथंही आता तो क्वचितच दिसतो.

मुलं जरा गप्प झाली. मॉरिशस देशाच्या राजचिन्हावर डोडो पक्षी आहे आणि डोडो तर तीनशे वर्षांपूर्वीच संपला, हे मी सांगणार होते. पण ते मनातच ठेवलं. सगळंच एका दिवशी सांगू नये.

शेकरू राहिलं. ते आमच्या किनाऱ्याला नाही. त्याला उंच, एकमेकांत फांद्या गुंतलेली झाडं लागतात. ते वीस-वीस फुटांची उडी मारून एका झाडावरून दुसऱ्यावर जातं आणि जमिनीवर शक्यतो उतरत नाही. ते पाहायचं तर आंबोलीला नाहीतर तिलारीच्या रानात जायला हवं. पुण्याकडचं भीमाशंकरचं अभयारण्य तर ह्या शेकरूसाठीच नावाजलेलं. तांबूस पाठ, पिवळसर पोट, शरीराहून लांब झुबकेदार शेपटी. एकच शेकरू पाच-सहा घरटी बांधतं आणि हवं त्यात राहतं. आमच्या वर्गातल्या एकाचं आजोळ दोडामार्गाकडे आहे. तो म्हणाला, "आजोळाक खूप आसत. पण आजो तेंका गाळी घालता. माडार चढान नारळ पोखरतत." पाहा, एकाचा राज्यप्राणी, दुसऱ्याच्या माडावरचा चोर! त्याच दोडामार्गात २००२ च्या सुमारास कर्नाटकातून हत्ती उतरले. हत्ती कर्नाटकाचा राज्यप्राणी. आता हत्तीला सीमा काय ठाऊक? तो केळीच्या बागेत शिरला, आणि ज्याची बाग गेली त्याला हत्तीचा मान कुठल्या राज्यात किती, ह्याच्याशी काय देणंघेणं?

आता खरी सहल. शनिवारची सकाळची शाळा, भरतीची वेळ सातची. ओळखीच्या एका होडीवाल्या काकांनी मुलांना दोन फेऱ्यांत खाडीतून फिरवायचं कबूल केलं. तुम्ही कधी मालवणला आलात ना, तर किल्ला पाहाल, तारकर्लीची वाळू पाहाल, मालवणी जेवण जेवाल. ते सगळं पाहाच. पण एक सकाळ खाडीसाठी ठेवा. काळावलची खाडी असो, कर्लीची असो, नाहीतर वेंगुर्ल्याची मांडवी खाडी असो. मांडवीत तर स्वामिनी बचत गटाच्या बायका स्वतः होडी वल्हवत पाहुण्यांना कांदळवन दाखवतात.

सकाळी पाणी आरशासारखं होतं. दोन्ही बाजूंना कांदळवन. बाहेरून ते सगळं एकसारखं हिरवं दिसतं, जवळ गेल्यावर एकेक झाड वेगळं होतं. कोणाची मुळं फांद्यांवरून कमानीसारखी पाण्यात उतरलेली, कोणाची चिखलातून काड्यांसारखी वर आलेली. चिप्पीची मुळं जाड, टोकाला निमुळती, जणू कोणी चिखलात शेकडो गाजरं उलटी रोवून ठेवलीत. ही मुळं श्वास घेतात. खाडीच्या चिखलात हवा नसते, म्हणून झाड नाक वर काढून बसतं.

"बाई, पाण्यात केस कसले?" पुढं बसलेल्या मुलीनं बोट दाखवलं.

पाण्यावर पांढऱ्या धाग्यांचे पुंजके तरंगत होते. ते होतं चिप्पीचं फूल! किंवा त्याचं उरलेलं. चिप्पी संध्याकाळी फुलते. पांढऱ्या केसरांचा गोल ब्रश उघडतो, रात्रभर त्यातला मध प्यायला वाघळं आणि पतंग येतात, आणि सकाळ होईपर्यंत सगळे केसर गळून खाडीत. तुम्ही-आम्ही उठायच्या आत तिचा समारंभ आटोपलेला असतो. फांदीवर उरतं हिरवं फळ. लहानसा पेरू चांदणीवर बसवलाय असं वाटतं. ती चांदणी म्हणजे फुलाखालची जाड पाकळं, ती फळाला शेवटपर्यंत सोडत नाहीत.

होडी त्या तिसरीतल्या मुलीच्या घरामागून गेली. तिचा आजा परड्यात उभा होता. मी त्याला हाक मारून विचारलं, "आजोबा, तुमची चिपी आता राज्याचं झाड झालीय, माहीत आहे?"

तो हसला. "आयकलंय. पयली आमी तीच फोडून जाळी. तेव्हा कोण काय बोला नाय. आता फांदी तोडूची तरी इचारूक व्हया." मुंबई उच्च न्यायालयानं २००५ साली कांदळवनं तोडायला बंदी घातली, तेव्हापासूनची ही गोष्ट. मग तो थोडा थांबला आणि मुलांकडे बघून म्हणाला, "पण वादळात होडी हिच्याच मुळांका बांधलंय. दोर तुटलो नाय."

ते २०२१ च्या मे महिन्यातलं तौक्ते वादळ. आमच्या मुलांना ते चांगलं आठवतं. कोणाचे कौल उडाले, कोणाच्या बागेतले माड आडवे झाले, कितीतरी दिवस वीज नव्हती. होडीत कोणी काही बोललं नाही. मुलगी मात्र आज्याकडे बघत राहिली, जणू आज्यानं ही गोष्ट तिलाही कधी सांगितली नव्हती.

परतताना काकांनी वल्ह्यानं एक मूळ दाखवलं. त्यावर कालवं चिकटली होती, आणि मुळांच्या जाळीत बोटाएवढे मासे चमकत होते. "हयच मोठे होतत, मगे भायर जातत," काका म्हणाले. शेतात भाताचा तरवा काढतात ना, तसा हा माशांचा तरवा.

यादीत उरलं पापलेट. दुसऱ्या शनिवारी चौथीची सहा मुलं घेऊन मी एसटीनं मालवणला गेले. बंदरावरून समोर सिंधुदुर्ग किल्ला दिसतो. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर बांधायला घेतलेला. किल्ल्याभोवतीच्या पाण्याखाली प्रवाळ आहेत, आणि हा समुद्र १९८७ पासून अभयारण्य आहे. मुलांना मी हे सगळं मोठ्या उत्साहानं सांगत होते, पण त्यांचं लक्ष मासळीबाजाराकडे.

बाजारात काय नव्हतं! बांगडे, तारले, पेडवे, इसवण, मोरी, सौंदाळे. आणि त्या मुलाच्या आईच्या टोपलीत, बर्फावर मांडलेली पापलेटं. पापलेट नीट पाहिलंय का तुम्ही? चपटं, रुपेरी, अंगावर इतके बारीक खवले की बोट फिरवलं तर चांदी हाताला लागावी. बाकीच्या माशांना पोटाखाली परांची जोडी असते, मोठ्या पापलेटला ती नसते. मोठाले थवे करून ते फिरतं आणि बारीक तरंगते जीव खातं. जाळ्यातही ते थव्यानंच सापडतं, आणि तिथंच घोटाळा होतो. लहान पिल्लंही मोठ्यांबरोबर येतात. पिल्लं मोठी होऊन अंडी घालायच्या आत पकडली गेली, तर पुढच्या वर्षी पकडायचं काय? पापलेट कमी होत चालल्याची तक्रार पालघरकडच्या सातपाटीपासून सगळा किनारा करत होता. म्हणून २०२३ मध्ये त्याला राज्यमासा केलं. त्याच वर्षी सरकारनं ५४ जातींच्या माशांसाठी किमान लांबी ठरवून दिली. त्याहून लहान मासा धरायचा नाही. पापलेटसाठी ती लांबी १३५ मिलिमीटर.

वर्गात हे सांगितलं तेव्हा आम्ही पट्टीवर मोजून पाहिलं होतं. साडेतेरा सेंटिमीटर. कंपासातल्या पट्टीहून दीड सेंटिमीटर कमी. आणि आता, माझं लक्ष नसताना, त्या मुलानं खिशातून पट्टी काढली आणि आईच्या टोपलीतल्या एका पापलेटवर ठेवली.

"शेपटेसकट धरूची?" त्यानं मला विचारलं.

"शेपटीसकट," मी म्हटलं.

पहिलं पापलेट पट्टीपेक्षा मोठं. दुसरंही मोठं. टोपलीच्या कडेला लहान पापलेटांचा एक वाटा होता. त्यातल्यावर त्यानं पट्टी ठेवली. अकरा. पुढचं बारा. त्यानं वर पाहिलं. आईकडे नाही, माझ्याकडे.

मुलांनो, त्या क्षणी मला वाटलं, आपण ही सहल काढली नसती तर बरं झालं असतं. गिऱ्हाइकं बघत होती. बाजूच्या बाया बघत होत्या. मी काहीतरी बोलायला हवं होतं आणि मला शब्द सापडेनात.

बोलली ती त्याची आई. रागावली नाही. पट्टी उचलून त्याच्या हातात दिली आणि मला म्हणाली, "बाई, जाळ्यात मासो पट्टी घेवन येणा नाय. आनि ह्यां मी धरूक नाय. लिलावात घेतलंय. मोठ्यांचो लिलाव माका परवडणा नाय." मग त्या वाट्यावर तिनं ओलं गोणपाट सारलं. झाकलं की उन्हापासून जपलं, ते मला कळलं नाही.

तिचं चुकलं असं मला म्हणता येईना. नियम चुकीचा आहे, असंही म्हणता येईना. जाळ्याची आस लहान ठेवणारा वेगळा, मोठमोठ्या यंत्रांनी समुद्र खरवडणारा वेगळा, लिलाव बोलणारा वेगळा. आणि पट्टी येऊन टेकली ती सगळ्यांत शेवटी बसलेल्या बाईच्या टोपलीवर. मी तिच्याकडून बांगडे घेतले. जरा जास्तच घेतले, असं माझ्या सासूबाई नंतर म्हणाल्या.

परतीच्या एसटीत तो मुलगा खिडकीशी बसला. मी शेजारी जाऊन बसले आणि म्हटलं, "तुझी आई हुशार आहे." तो म्हणाला, "म्हायत आसा." एवढंच. मग कट्टा येईपर्यंत आम्ही दोघंही बाहेर बघत होतो.

सातांतली सहा पाहून झाली. पण मुलांच्या डोक्यातून विषय जाईना. त्यांनी ठरवलं, आपल्या शाळेलाही मानचिन्ह हवं. राज्याला आहे, देशाला आहे, मग आम्हांलाच का नको? मी म्हटलं, ठीक, मतदान घेऊ. चिठ्ठ्यांवर लिहा, नाव घालू नका, आणि कारण एका ओळीत लिहा. पहिलीच्या मुलांनी चित्र काढलं तरी चालेल.

एक मे उजाडला. आमच्याकडे ह्या दिवसाचं तिहेरी महत्त्व. महाराष्ट्र दिन, शाळेचा निकाल, आणि सिंधुदुर्ग जिल्ह्याचा वाढदिवस. आमचा जिल्हा १९८१ मध्ये ह्याच दिवशी रत्नागिरीतून वेगळा झाला. झेंडावंदन झालं, निकाल वाटला, मग खाऊचा डबा रिकामा करून त्यातून चिठ्ठ्या काढल्या.

माडाला सहा मतं. चिप्पीलाही सहा! कालवाला दोन, रातांब्याला दोन. शाळेच्या ओट्यावर झोपणाऱ्या कुत्रीला चार. ती बहुतेक सगळी पहिलीची. माडाची कारणं सरळ होती: पाणी मिळतं, खोबरं मिळतं, झाप मिळतो, खराटा मिळतो. चिप्पीच्या एका चिठ्ठीवर लिहिलं होतं, "दोर तुटला नाही." अक्षर कोणाचं ते मी लगेच ओळखलं.

शेवटची चिठ्ठी एकच राहिली होती. त्यावर लिहिलं होतं, "बांगडा."

मुलं ओरडली, "बांगडो? पापलेट सोडून बांगडो?" चिठ्ठी उलटी केली तर मागं कारण होतं, मालवणीतच: "पापलेट इकूक, बांगडो खावक."

कोणी हसलं नाही. आमच्या गावात निम्म्या घरांत असंच असतं. चांगला मासा बाजारात जातो, बांगडा घरच्या तिखल्यात पडतो.

माड आणि चिप्पी यांची बरोबरी सुटेना. फेरमतदान घ्यावं, अशी माझी सूचना होती. मुलांनी ती फेटाळली. दोन्ही चालतील म्हणाली. सुट्टीच्या आधी आम्ही शाळेच्या पाण्याच्या टाकीवर एका बाजूला माड रंगवला आणि दुसऱ्या बाजूला चिप्पीचं पांढरं फूल. फुलासाठी ब्रश पुरेना, तेव्हा काथ्याच्या कुंचल्यानं केसर काढले. ते खऱ्यापेक्षाही बरे जमले.

जूनमध्ये शाळा उघडली. पाऊस सुरू झाला होता, समुद्रातली मासेमारी एक जूनपासून बंद, होड्या किनाऱ्यावर ओढून झापांनी झाकलेल्या. चौथीची मुलं आता दुसऱ्या गावच्या शाळेत पाचवीला जाणार. मी टाकीपाशी गेले तर माडाच्या बुंध्याजवळ कोणीतरी निळ्या रंगात एक मासा काढून ठेवला होता. पाठीवर बारीक पट्टे, डोळा जरा मोठा झालेला, शेपटी अगदी बरोबर दुभंगलेली. बांगडाच तो. खाली, नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत, बाणांची रेघ ओढून लांबी लिहिली होती: २३ सें. मी. शेपटेसकट.